काठीवालीचे कान

तुमच्या घरातलं कानाचं यंत्र सध्या कुठं आहे?

"आमच्याकडे नाही हो कुणाला," असं लगेच म्हणू नका. आधी आत जाऊन विचारा. कपाटाचा वरचा कप्पा बघा, जुन्या चष्म्याची पेटी बघा, औषधांच्या पिशवीचा तळ बघा. हे यंत्र कान सोडून सगळीकडे सापडतं. मी रागानं लिहितोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

ज्या बाईमुळे मला हे कळलं ती पाणीखात्यात गळती ऐकते. हो, ऐकते. पाइप जमिनीखालून जातो. तो फुटला की पाणी वर येतंच असं नाही. बरेचदा ते खालच्या खाली मुरतं आणि वरच्या मजल्यावरच्या नळातून नुसती हवा येते. मग रस्ता खोदायचा, पण कुठं? अख्खा रस्ता तर उकरता येत नाही. म्हणून ही बाई. तिच्याकडे छातीएवढी उंच लाकडी काठी आहे. खालचं टोक व्हॉल्व्हवर नाहीतर डांबरावर टेकवायचं. वरच्या टोकाला वाटीसारखा खोलगट भाग आहे, तिथं कान लावायचा. पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आत ती रस्ताभर काठी टेकवत जाते आणि पाइप जिथं फुटलाय तिथं खडूनं फुली मारते. गडी येऊन फुलीवर खोदतात. खात्यात तिला कोणी नावानं हाक मारत नाही. काठीवाली.

हे काम कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तिनं मला दोन वाक्यांत शिकवलं. "लांबची गळती घूं करते, जवळची स्स करते. बारीक आवाज पाइपातून चालता चालता दमतो, जाड आवाज पोचतो." म्हणजे घूं ऐकू आला की पुढं चालायचं, स्स ऐकू आला की थांबायचं. झालं शिक्षण.

आता गंमत अशी की गळती ऐकायच्या आधी चौदा वर्षं ती पंपघरात होती. पंपघरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हातवारे करतात. कानात घालायला काहीतरी द्या म्हटलं तर "कापूस घाला" असं उत्तर मिळायचं, आणि कापूसही आपलाच. त्या चौदा वर्षांनी तिच्या कानातला बारीक आवाज उंदरासारखा कुरतडून नेला. एका दिवसात नेला असता तर कळलं असतं. हळूहळू नेला, म्हणून बाईला वाटलं जगच पुटपुटायला लागलंय.

मग पहिला खड्डा कोरडा निघाला. असं होतं कधीकधी, कोणी काही बोललं नाही. दुसरा कोरडा निघाला. तिसरा दवाखान्याच्या दारात खोदला. तोही कोरडा, आणि वर रुग्णांनी उड्या मारत आत जायचं.

साहेबानं बोलावलं. साहेब म्हणजे त्या भागाचा इंजिनिअर.

"बाई, तीन खड्डे. तिन्ही कोरडे."

"पाइप हलला असेल साहेब."

"पाइप हलला? उठून चालत गेला?"

"जमीन सरकते."

"जमीन सरकत नाही बाई, तुमची फुली सरकते. पुढचा खड्डा कोरडा निघाला तर काठी जमा करा आणि मीटरच्या गोदामात बसा."

गोदामात बंद पडलेले मीटर असतात. बंद पडलेल्या मीटरला राखण कशाला लागते हे आजवर मला कोणी सांगू शकलेलं नाही. तिथं माणसाला ठेवतात ते निवृत्तीपर्यंत. बाईची चार वर्षं राहिली होती. तीस वर्षं पाण्याबरोबर काढलेल्या बाईला शेवटची चार वर्षं गंजलेल्या पितळेबरोबर काढायची होती. साहेब वाईट माणूस नाही. हे छापलेलं त्याला आवडणार नाही, कारण तो स्वतःला फार कडक समजतो.

बाई माझ्याकडे आली. मी कामगारांचे अर्ज लिहितो. शिक्षण आठवी, पण माझा अर्ज परत आलेला नाही कधी.

"लिही," ती म्हणाली. "काठी खराब झालीय. नवी मिळावी."

मी कागद काढायला पाठ वळवली आणि विचारलं, "काठीला काय झालंय मावशी?" उत्तर नाही. जरा मोठ्यानं विचारलं. उत्तर नाही. वळलो, तिच्याकडे तोंड करून तेच विचारलं.

"वाळवी लागली असेल आतून," ती ताबडतोब म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. "मावशी, वाळवी काठीला नाही लागली."

तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. खात्याची वार्षिक तपासणी. नऊ वर्षं, नऊ शिक्के, सगळीकडे 'श्रवण: उत्तम'. "वाच," ती म्हणाली. "वाचता येतं ना?"

भांडण झालं. दोघंही भांडणात कमी नाही. शेवटी केवळ मला खोटं पाडायला म्हणून ती शहराच्या कान तपासणी केंद्रात आली.

तिथं नाव नोंदवायचा फॉर्म मी भरला. एक छोटी खोली, तिला काच. आत खुर्ची. कानावर पट्टा घालून बसायचं, बारीक टिक ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. काचेबाहेर टक्कल पडलेला एक तपासनीस बसला होता. तो टिक वाजवी, बाई बटण दाबी. एकही सोडली नाही. बाहेर येऊन तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या आठवीतून दोन इयत्ता कमी झाल्या.

"वयाच्या मानानं किंचित कमी आहे," तपासनीस म्हणाला. "हलकंसं लावून देतो."

दोन यंत्रं मिळाली, शेंगदाण्याएवढी. कानामागे बसतात, तिथून एक बारीक तार कानात जाते. चौथ्या दिवशी ती यंत्रं सुईदोऱ्याच्या डब्यात गेली.

हे मला बाईच्या सुनेनं सांगितलं. सून शिवणकाम करते, तिला डबा लागतोच. मी गेलो तेव्हा सासू-सून दोघी स्वयंपाकघरात होत्या. सून शेगडीकडे तोंड करून बोलत होती, सासू तिच्या पाठीकडे बघत होती.

"यंत्र कुठंय मावशी?" मी समोर उभा राहून विचारलं.

"आहे."

"डब्यात आहे," सून वळून म्हणाली. "आमच्या डब्याला आता छान ऐकू येतं. कालच मी म्हटलं, सुई कुठं गेली, तर लगेच ओ दिली."

"कानात टोचतं," बाई म्हणाली. "आणि काही फरक पडत नाही. मला ऐकू येतंच. ही पुटपुटते."

"मी पुटपुटते, शेजारीण पुटपुटते, टीव्हीवरची बातम्या देणारी पुटपुटते. साऱ्या गावाला घशाचा आजार झालाय आई, तुम्ही एकट्या धडधाकट."

बाई गप्प बसली. ती गप्प बसली याचा अर्थ सुनेचे ओठ तिला नीट दिसले होते.

दुसऱ्यांदा केंद्रात गेलो ते भांडायलाच, की असलं कसलं यंत्र देता. त्या दिवशी तपासनीस नव्हता, कानाची डॉक्टरीण होती. पस्तिशीची, कामाची, हसण्यात वेळ न घालवणारी. तिनं जुना आलेख पाहिला. मग तोंडापुढे कागद धरला आणि बाईला म्हणाली, "काकू, मी म्हणते ते शब्द परत म्हणा." दहा शब्दांतले तीन बरोबर आले. डॉक्टरीणबाईनं कागद खाली घेतला, आलेखाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं.

"खुर्ची फिरवा," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड."

"भिंतीशी काय बोलू?"

"बोलायचं नाही. आवाज आला की बटण दाबायचं."

बाई काचेकडे पाठ करून बसली. बटण हातात. मी बाहेरून बघत होतो. डॉक्टरीण एकामागून एक कळ दाबत होती. बाईचा अंगठा दोनदा हलला, मग हलेना. बराच वेळ गेला.

"सुरू करा की आता," बाई आतून म्हणाली.

"सुरू होऊन चार मिनिटं झाली काकू."

बाई वळली नाही. भिंतीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "तो टकल्या टिक वाजवताना डावा खांदा उचलतो. काचेतून दिसतं."

"आणि खात्याच्या तपासणीत?"

"तिथला भुवई उडवतो."

"नऊ वर्षं?"

"पहिली तीन वर्षं दुसरा होता. तो नाक ओढायचा."

मला संताप आला, पण तिचा नाही. खात्याच्या तपासणीत नापास झालं की उपचार मिळत नाही, गोदाम मिळतं. अशा ठिकाणी माणूस पास होणार नाही तर काय होणार? तिनं नऊ वर्षं अंगात भिनवलेली सवय, नेमकी जिथं खरं सांगितल्यानं फायदा होता तिथंही सुटली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तिनं तर अंगठा दाखवून केलं.

"हे यंत्र उत्तमच होतं," डॉक्टरीण म्हणाली. "फक्त तुम्ही ज्या बाईचे कान दाखवलेत तिच्यासाठी बनवलेलं होतं. ती बाई घरी गेली नाही, तुम्ही गेलात."

नवा आलेख तिनं पुढं ठेवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडून सरळ येते आणि मध्यावर कड्यावरून ढकलल्यासारखी खाली कोसळते.

"पूर्वीची यंत्रं भोंग्यासारखी होती, सगळंच मोठं करायची," ती म्हणाली. "हॉर्नसुद्धा. म्हणून लोक काढून फेकायचे. आताच्या यंत्रात माइक आवाज घेतो, आतली चिप त्याचे पट्टे करते, जाड, मधला, बारीक, अगदी बारीक. तुमचा जो पट्टा गेलाय तेवढाच वाढवायचा. त्यातही हळू आवाज जास्त वाढवायचा, आधीच मोठा असेल त्याला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरला जोडून मी ते तुमच्या आलेखाप्रमाणे लावते. रोज घाला. पहिला महिना सगळं पत्र्यासारखं वाजेल. मेंदू हे आवाज विसरलाय, त्याला पुन्हा ओळख करून द्यावी लागते."

"मेंदू माझाच आहे ना?" बाईनं विचारलं. "मग मला न विचारता विसरला कसा?"

त्या संध्याकाळी घरी बाईनं पहिल्यांदा विचारलं, "हे काय टकटक करतंय?"

"घड्याळ," सून म्हणाली.

"नवीन आणलं?"

"आठ वर्षं झाली आई."

पिशवीची चुरचुर, स्वतःच्या चपलांचा आवाज, नात वही उलटते तो आवाज. बाई पहिले दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होती की घरात काय हा गोंधळ. तिसऱ्या दिवशी नात मागच्या खोलीतून "आजी" म्हणाली, हाक अशी नाही, नुसतं म्हणाली, आणि आजीनं इकडून "काय गं" म्हटलं. पोरगी घाबरून बाहेर आली. सून म्हणाली, "आता माझी पंचाईत. पूर्वी तुमच्यादेखत तुमच्याविषयी बोलता यायचं."

"तेव्हाही मला दिसायचं," बाई म्हणाली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. माझ्यासारखा माणूस इथंच टाळी घेऊन घरी गेला असता. पण बाईची भाकरी घरात नव्हती, रस्त्यावर होती.

फिल्टरघराच्या मागे एक जुना व्हॉल्व्ह आहे. तो कायमचा गळतो, आणि बाई तो दुरुस्त करू देत नाही. रोज पहाटे कामावर निघायच्या आधी ती त्याच्यावर काठी टेकवते. गवयानं सूर लावून बघावा तसा त्याचा आवाज घेते, मग रस्त्यावर जाते. नवं यंत्र घालून तिनं काठी टेकवली. स्स आला. कित्येक वर्षांनी आला. बाईच्या अंगावर काटा आला असं तिनंच मला सांगितलं, आणि ती असलं काही सांगणारी बाई नव्हे. एक, दोन, आणि स्स गेला. कोणीतरी नळ बंद करावा तसा गेला. काठी उचलून पुन्हा टेकवली. एक, दोन, गेला. यंत्र काढलं तर आहेच आपलं ते घूं.

ती तडक माझ्या दारात. "हे यंत्र साहेबाला फितूर आहे," ती म्हणाली. "माणसांचं सगळं ऐकवतं, पाण्याचं दाबून टाकतं."

मी म्हणालो, "मावशी, यंत्राला काय कळतंय पाणी नि माणूस?"

पुन्हा भांडण झालं. आणि सांगायला लाज वाटते, पण बरोबर तीच होती.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाईनं काठी बरोबर घेतली. दारावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. "मावशी, काठी बाहेर ठेवा. इथं मारामारी चालत नाही." बाई म्हणाली, "मारायचं असतं तर हात पुरे आहेत," आणि आत गेली.

डॉक्टरीणबाईच्या खोलीत हात धुवायचं बेसिन होतं. बाईनं नळ केसाएवढा सोडला, नळाच्या पाइपवर काठी टेकवली, वाटी कानाला लावली आणि बोटांवर मोजून दाखवलं. एक, दोन, गेला. मग काठी डॉक्टरीणबाईच्या हातात दिली. "ऐका."

डॉक्टरीणबाईनं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. तिच्यामागे रांग लागली होती, तरी ऐकलं.

"काकू, ज्या आवाजात चढउतार असतो त्याला हे यंत्र बोलणं समजतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो, पंखा, मोटार, वाहतं पाणी, त्याला गोंगाट समजतं. दोन क्षण बघतं आणि दाबून टाकतं. लोकांना तेच हवं असतं."

"आणि माझं पोट कशावर चालतं?"

"एकसारख्या आवाजावर. पण तुम्ही काय काम करता हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? फॉर्मवर काय लिहिलंय बघा." तिनं फॉर्म काढला. व्यवसाय: नोकरी. कुठं ऐकू येत नाही: घरी.

दुसरं उत्तर बाईनं सांगितलं होतं. कामावर ऐकू येत नाही असं ती मेली तरी म्हणाली नसती. पहिलं उत्तर माझं. मीच लिहिलं होतं, घाईत. हे इथं मुद्दाम नोंदवतोय, कारण दुसऱ्यांनी भरलेल्या फॉर्मवर मी फार तोंड सोडतो.

डॉक्टरीणबाईनं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि त्यात दुसरी मांडणी भरली. हिच्यात गोंगाट दाबणं बंद, जे येईल ते सरळ आत. यंत्राच्या पाठीवर तिळाएवढं बटण आहे. दाबलं की टूं: माणसं. पुन्हा दाबलं की टूं टूं: पाणी. दोन अडचणी राहिल्या. एक म्हणजे माइक यंत्राच्या डोक्यावर, कानाच्या वरच्या काठाशी असतो. म्हणजे वाटी कानाच्या भोकाला लावून उपयोग नाही, तीन बोटं वर धरायची. दुसरं म्हणजे वाटी जवळ नेली की यंत्रातला आवाज बाहेर येऊन पुन्हा माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते. त्यासाठी कानाच्या मापाचा घट्ट साचा करून घेतला. साचा यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात बाईनं साच्याशिवाय ऐकून बघितलं आणि एकाच रस्त्यावर सात गळत्या शोधल्या. साती शिट्ट्या होत्या. नशीब, खडू खिशातच ठेवला होता.

चौथ्या खड्ड्याचा दिवस आला. शाळेमागची गल्ली. शाळेच्या वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. उजाडायच्या सुमाराला साहेब स्वतः हजर, दोन गडी, ब्रेकर मशीन, आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं.

बाईनं बटण दोनदा दाबलं. एका टोकापासून काठी टेकवत आली. बंद दुकानासमोर थांबली, फुली मारली. गडी पुढं सरकले. बाईनं पुन्हा काठी टेकवली, मान वाकडी करून ऐकलं, आणि चपलेनं फुली पुसली.

"पुसता कशाला?" साहेब म्हणाला.

"सवयीनं मारली. इथं अजून घूं आहे, स्स पुढं असणार."

"आणि आता?"

बाई काठी उचलून दोन हात पुढं गेली, तिथं नवी फुली मारली. बारीक, वाटाण्याएवढी. पूर्वी ती ताटाएवढी मारायची.

ब्रेकर सुरू झाला. बाईनं दोन्ही यंत्रं काढून मुठीत धरली. तेवढं तरी आता ती शिकलीय. डांबर निघालं. खाली खडी, कोरडी. त्याखाली माती, कोरडी. गुडघाभर झालं. साहेबानं घड्याळ बघितलं. मांडीपर्यंत झालं, माती तशीच. गडी एकमेकांकडे बघायला लागले. त्या बघण्याला मी ओळखतो. मी खड्ड्यापासून दोन पावलं मागं सरलो, आणि मला तर गोदामात जायचंही नव्हतं.

"बाई," साहेब म्हणाला, सावकाश, समोर येऊन. "राहू दे आता."

बाईनं यंत्रं कानात घातली, बटण दोनदा दाबलं, खड्ड्यात उतरली, काठी तळाला टेकवली. ऐकलं. वर बघून गड्यांना म्हणाली, "आणखी एक वीत. कुदळीनं. मशीन नको."

गड्यानं कुदळ मारली. तिसऱ्या घावाला माती काळी आली. चौथ्याला पाणी आलं, आणि आलं ते साहेबाच्या दिशेनं. पॅन्ट कमरेपर्यंत भिजली. साहेब तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे."

यापलीकडे समारंभ झाला नाही. बाई अजून काठीवालीच आहे. गोदामाची धमकी मागे घेतल्याचा कागद अजून आलेला नाही. त्यासाठी माझा तिसरा अर्ज गेलाय, आणि चौथा तयार आहे. वार्षिक तपासणीत खुर्ची भिंतीकडे करावी आणि नापास माणसाला यंत्र द्यावं, बदली नको, असाही एक अर्ज आहे. त्यावर अजून विचार चालू आहे म्हणतात.

यंत्रानं कान परत दिले असं कोणी समजू नये. कँटीनमध्ये भांडी आपटली की बाईला अजून बोलणं सुटं ऐकू येत नाही. वारा सुटला की माइकात फडफड होते. दोघं एकदम बोलले की ती हात वर करून म्हणते, "एकेक. आणि तोंड दाखवा." लाज वाटत नाही तिला आता. साहेबाची मासिक बैठक असते, तिच्यात मात्र ती माणसांच्या मांडणीवर यंत्र ठेवते. मी विचारलं, आता सगळं नीट ऐकू येत असेल? म्हणाली, "पहिले दोन क्षण येतं. मग साहेबाचा सूर एकसारखा लागतो आणि यंत्र आपोआप दाबून टाकतं."

तर आता उठा. तो डबा, ती पेटी, तो कप्पा उघडा. यंत्र बाहेर काढा, सेल बदला, आणि ज्याचं आहे त्या माणसाला घेऊन केंद्रात परत जा. एकदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा जा. खुर्ची भिंतीकडे फिरवायला सांगा. आणि फॉर्मवर "नोकरी" लिहू नका. त्या माणसाला समोर बसवा, तोंड दाखवून विचारा की त्याला नेमकं काय ऐकायचंय, आणि तो सांगेल ते, सांगेल तसं लिहा.